न उघडणारा पत्ता

बारामतीच्या डाळिंब संघाच्या ऑफिसात त्या दुपारी तिथं काम करणाऱ्या दिपालीने कॉम्प्युटरला तोंड भरून शिव्या घातल्या; अर्थात मनातल्या मनात, कारण शेजारी संघाचे चिटणीस रामहरीभाऊ बसले होते. १९९९ साल सरत आलं होतं. मुंबईच्या एका कंपनीने कधी नव्हे ती गोष्ट कबूल केली होती, पेटीवर दलालाचं नव्हे तर पिकवणाऱ्याचं नाव छापून माल परदेशी धाडायची. अट एकच. मालाची माहिती इथल्या कॉम्प्युटरने इंटरनेटवरून त्यांच्या कॉम्प्युटरला कळवायची. संध्याकाळपर्यंत एक तरी निरोप बिनचूक पोचला नाही, तर दलालाचं नाव कायम.

आणि पहिला माल कुणाचा, तर दिपालीच्याच वडिलांचा, निमगाव केतकीच्या बिरदेवचा. भरलेला टेम्पो दारात उभा होता आणि बिरदेव आत बाकावर पटका मांडीवर घेऊन बसला होता.

दिपाली निरोप पाठवायची, मोडेम किंचाळायचा, आणि पलीकडून तेच उत्तर यायचं. फळाचं नाव मिळालं, शेतकऱ्याचं नाव मिळालं नाही.

"मिळालं न्हाय म्हंजी? डोळं फुटलं का त्याचं?" रामहरीभाऊंनी पडद्यावर बोट आपटलं. "हितं लिवलंय की, बिरदेव म्हणून!"

लिहिलं होतं खरं. निरोप एक्सएमएलमध्ये होता, म्हणजे प्रत्येक मजकुराला तो काय आहे हे सांगणारा टॅग लावलेला. 'नाव' हा टॅग त्यात दोनदा येत होता, एकदा फळासाठी, एकदा शेतकऱ्यासाठी. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकापुढे एक छोटं टोपणनाव जोडलेलं, आणि ते टोपणनाव म्हणजे नेमकं काय हे सांगायला निरोपाच्या सुरुवातीला प्रत्येकाचा एकेक लांबलचक वेबचा पत्ता दिलेला. याला नेमस्पेस म्हणतात, एवढं दिपालीने पुस्तकात वाचलं होतं. डोक्यात मात्र काही शिरलं नव्हतं.

वेळ जाईना म्हणून बिरदेव रामहरीभाऊंना सकाळची गंमत सांगू लागला. "शेजारच्या महिपतीची मेंढरं आज आमच्यात घुसली. यंदा दोघांनीबी पाठीला लालच रंग लावल्याला. रंग बघून निवडाय गेलो तर सगळीच माझी!"

"मग वो तात्या?"

"मग काय, कान बघितलं. रंग दर साली बदलतो. ज्येच्या त्येच्या कळपाची कानाची चीर बापजाद्यापासनं तीच."

दिपालीचा हात माउसवरच थांबला. रंग बदलतो, चीर बदलत नाही! म्हणजे पलीकडचा कॉम्प्युटर टोपणनाव बघतच नव्हता. तो बघत होता चीर, तो लांबलचक पत्ता! तिने कंपनीने दिलेला नमुना काढून आपल्या निरोपाशेजारी ठेवला. टोपणनावं तीच. फळाचा पत्ता तोच. शेतकऱ्याचा पत्ता मात्र भलताच, आपल्या संघाच्या वेबसाइटचा!

"भाऊ, ह्यो पत्ता कुणी बदलला?"

"म्या," रामहरीभाऊ अभिमानाने म्हणाले. "त्यांचा पत्ता मी इंटरनेटवर उघडून बघितला. दोनी उघडाय बसलो हुतो, पयला शेतकऱ्याचा, त्योच उघडंना. बंद पत्त्याला आपण माल देतो व्हय? आपल्या संघाचा उघडतोय, म्हणून त्यो घातला."

त्यांना दोष द्यायचीही सोय नव्हती. सांगवीच्या मळ्यातली भाजी पुण्याला धाडताना नव्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हे स्वतः जाऊन, शटरला हात लावून येत, आणि मगच गाडी भरत. या खोडीमुळेच संघाला आजवर कुणी टोपी घातली नव्हती. दिपालीला मात्र हसू आवरेना, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली ती.

"भाऊ, चीर बघून कुणी मेंढराच्या कानात घर हुडकतं का? ह्या पत्त्यावर कुणी जायाचंच न्हाय. ही नुसती खूण हाय, ह्यो टॅग कुणाच्या कळपातला ते सांगणारी. उघडू दे न्हायतर न उघडू दे, त्यांनी दिलाय तसाच पायजे, अक्षर न् अक्षर."

"आन् ते टोपणनाव?"

"त्यो रंग. वाटंल त्यो लावा!" आणि तिला काय सुचलं कोण जाणे, कंपनीचा पत्ता परत घातल्यावर तिने शेतकऱ्याचं टोपणनाव जिथं जिथं होतं तिथं पुसून 'लाल' केलं.

"अगं बाई, आता तरी खेळ करू नगंस!" रामहरीभाऊंनी डोक्याला हात लावला.

तिने निरोप पाठवला. मोडेम पुन्हा किंचाळला. मग उत्तर उमटलं. फळाचं नाव मिळालं. शेतकऱ्याचं नाव मिळालं. खाली पेटीवर छापायची पट्टी, डाळिंब, बिरदेव, निमगाव केतकी.

रामहरीभाऊंनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप आडवा झाला. दिपालीला तर नाचावंसं वाटत होतं. बिरदेव तेवढा पडद्याकडे एकटक बघत राहिला.

"म्हंजी आता तू घालशील ते नाव पेटीवर यील?"

"व्हय आबा!"

"मग माझं काढ. तुझ्या आयचं घाल. मी मेंढरांमागं मुलूखभर हिंडत हुतो. डोईवर हंडं वाहून बाग जगवली ती तानूबाईनं."

दिपालीला एकदम भरून आलं. तिने वडिलांचं नाव पुसलं, आईचं लिहिलं आणि दुरुस्तीचा निरोप धाडला. पलीकडच्या कॉम्प्युटरने तोही मुकाट्याने घेतला. रामहरीभाऊ बाहेर टेम्पोवाल्याला हाका मारत सुटले. निमगाव केतकीत तानूबाई त्या वेळी बागेतच होती, आणि तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.