गालगुंडाची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी सोन्याची साखळी आहे. गोदावरीच्या मुखाजवळ, नारळाच्या बागांमधल्या एका गावात माझे आयुष्य गेले. वीराचारी सोनाराने मला सत्तेम्माच्या लग्नासाठी घडवले. सत्तेम्मा कालव्याच्या पुलाशी इडल्या विकायची.

आमच्याकडे पोराला गालगुंड झाले की त्याच्या गळ्यात सोने घालतात. सोन्याने सूज उतरते, असे सगळे मानतात. ज्यांच्या घरी सोने नाही, ते सत्तेम्माच्या दारात यायचे. ती मला हळदीच्या पाण्यात बुडवून हाती ठेवायची. सूज आपली आपणच उतरायची आणि नाव माझे व्हायचे. परत येताना माझ्यासोबत केळ्यांची फणी असायची. कौतुक कोणाला नको असते?

एका उन्हाळ्यात नूकरत्नम मला घेऊन गेली. तिचा नवरा मासेमारीला समुद्रावर होता. तिच्या तिसरीतल्या मुलीचे, भार्गवीचे, दोन्ही गाल टम्म फुगले होते. शेजारची पोरे खिडकीतून तिला ‘बोंडा’ म्हणून चिडवायची. “मी बोंडा, तर तुम्ही करपलेले डोसे!” ती आतून ओरडायची.

गाल ओसरू लागले आणि माझी वाहवा सुरू झाली. पण ताप पुन्हा चढला. डोके दुखते म्हणून भार्गवी रडू लागली. दारातून येणारा उजेड तिला सोसेना. पोटात पेजही टिकेना.

“साखळी काढू नकोस हं,” तिची आजी आदेम्मा सुनेला बजावत होती. “नाहीतर सूज आत उतरेल.”

दुपारी इडलीची गाडी आवरून सत्तेम्मा इडल्या घेऊन आली. “ऊठ गं बोंडा, खा दोन घास.”

भार्गवीने तिच्याकडे पाहिले. “बाई, शाळा सुटली?”

सत्तेम्माने तिला उठवायला मानेखाली हात घातला. मान वाकलीच नाही. पोर फळीसारखी ताठ वर आली.

“रत्नम, रिक्षा बोलाव.”

“अगं, तुझीच साखळी आहे ना तिच्या गळ्यात?” आदेम्मा म्हणाली. “तुझाच विश्वास नाही?”

“साखळी गालांसाठी आहे, आदेम्मा. पोरगी मला ओळखत नाहीये. रत्नम, बघत काय बसलीस? पळ!”

रिक्षात भार्गवीला झटके आले. मी तिच्या गळ्याभोवती आवळली जाऊ लागले, तेव्हा सत्तेम्माने एका हिसक्यात मला तोडले आणि पदराच्या गाठीत बांधले.

“मेंदूला सूज आली आहे,” इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गालगुंडाचा विषाणू कधीकधी तिथवर पोचतो.”

“गालगुंडाने?” नूकरत्नमचा विश्वास बसेना. “ते तर सगळ्याच पोरांना होतं!”

“होतं, आणि बहुतेक पोरं बरी होतात. म्हणूनच इथे आणायला उशीर होतो. झटके थांबवू, ताप उतरवू. बाकी वाट बघायची.”

त्या दोघींनी वाट पाहिली. पदराची गाठ सत्तेम्माच्या मुठीत होती, पण तिने माझ्याकडे काही मागितले नाही.

भार्गवी वाचली. भिंतीला धरून चालायला लागली, विसरलेले पाढे पुन्हा शिकली. उजव्या कानाने मात्र तिला आता ऐकू येत नाही. “या बाजूनं बोल की,” म्हणत ती मैत्रिणींना खेचून डावीकडे घेते.

पुढे सोनाराने मला सांधून दिले, आणि एक बाई मला मागायला आली. “ने हवी तर,” सत्तेम्मा म्हणाली. “पण पोराला आधी डॉक्टरांना दाखव. डोकं फार दुखलं, ओकाऱ्या झाल्या, मान वाकेना, पोर भलतंच बोलायला लागलं, तर मला विचारायलाही थांबू नकोस. थेट इस्पितळ गाठ. आणि धाकट्याला लस द्यायची का, तेही विचार.”

“म्हणजे साखळीत गुण नाही?”

“आहे की. गळ्यात शोभून दिसते.”

ती बाई मला न घेताच गेली. हल्ली मी डब्यातच असते. मित्रांनो, सणावारी मला काढून पुसलेत, तर आनंदच होईल. पण आजारी मुलाच्या उशाशी बसाल, तेव्हा माझ्याकडे पाहू नका. मुलाकडे पाहा.