इंग्रजी वाचनाचं मैदान

"माझ्या चौथीतलं कुठलंबी पोरगं उभं करतो. पिवळ्या बसच्या शाळेतलं कुठलंबी आणा. इंग्रजी वाचनात त्याची पाठ मातीला लावली न्हाय, तर मगदूम आडनाव लावणार न्हाय."

वर्धमान मगदूम सर हे बोलले ते दूध संस्थेच्या कट्ट्यावर, सकाळी सातला. म्हणजे अख्खं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असताना. बोलून झाल्यावर त्यांना आठवलं, की आपल्या चौथीत पोरं पाच. त्यातली तीन कॅट आणि रॅटच्या पुढं सरकली नव्हती, आणि चित्र झाकलं की त्यांना मांजर कुठलं नि उंदीर कुठला तेही कळत नव्हतं. चौथा गडहिंग्लजला मामाकडं बारशाला म्हणून गेला होता. ते बाळ एव्हाना रांगायला लागलं असेल. उरली चनबसाप्पा गिरणीवाल्याची दानेश्वरी. कुठलंबी पोरगं म्हणजे तीच.

सरांना बोलायची हौस नव्हती, पण वेळच तशी होती. झेडपीच्या शाळेचा पट होता वीस. तीस सप्टेंबरला पट मोजतात, आणि वीसच्या खाली एक डोकं गेलं तरी दोनातला एक शिक्षक जादा ठरतो. मोठ्या बाई सीनियर, त्यामुळं जादा कोण याची चौकशी करायचं कारण नव्हतं. जादा शिक्षकाला धाडतात चंदगडच्या डोंगरात, जिथं पोचायला दोन एसट्या आणि एक वडापची जीप लागते. आणि सरांचं घर शाळेपासून दोनशे पावलांवर. मधल्या सुट्टीत म्हशीला पाणी दाखवून परत वर्गावर येणारा शिक्षक जिल्ह्यात दुसरा नव्हता.

पिवळी बस उदयसिंहाची. त्यानं स्वतःच्या मंगल कार्यालयातच इंटरनॅशनल स्कूल काढलं होतं. नर्सरी वधूपक्षाच्या खोलीत, पहिली वरपक्षाच्या, आणि मुहूर्त असला की शाळेला सुट्टी. त्या सकाळी तोही रांगेत होता.

"सर, तुम्ही आता थोड्या दिवसांचं पावणं," तो म्हणाला. "मनात ठिऊन जाऊ नका. लावा की मैदान. रविवारी."

"लावलं."

"जी शाळा जिंकंल तिकडं पोरं. चालतंय?"

रांगेतल्या बायकांनी परस्पर 'चालतंय' म्हणून टाकलं. पंच म्हणून सयाजी वस्तादांचं नाव निघालं. वस्तादांनी चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानात निवाडे दिले होते आणि त्यांच्या निकालावर कुणी ब्र काढला नव्हता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते कुणाच्या बाजूचे नव्हते, आणि गावाला तेवढं पुरे होतं.

आठवडाभर सरांनी दानेश्वरीला घासली. त्यांची एक पद्धत होती: शब्दाखाली बोट ठेव, वाच, थांब, अर्थ सांग, मग पुढं. ही पद्धत त्यांनी केंद्राच्या बैठकीत तीनदा मांडली होती आणि तिन्ही वेळा चहा आल्यामुळं ती अर्धी राहिली होती. दानेश्वरीनं मात्र ती पुरती अंगात घेतली होती.

"आगं, जरा रेट की. अर्थ मागनं बघू," सर म्हणायचे.

"अर्थ कळल्याबिगर फुडं कसं जायाचं? तुम्हीच सांगितलंय."

चनबसाप्पानं लेकीला रोज बदाम घातलेलं दूध सुरू केलं. पिठाच्या डब्यांच्या रांगेतले लोक तिला डाव सांगायचे. "पयल्या झटक्यात मोठा शब्द धर, बारकी मागनं आपसूक येत्यात."

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव लोटलं. वस्तादांनी तालमीतली चार पाट्या तांबडी माती आणून मध्ये टाकायला लावली होती. मैदान म्हटल्यावर माती पाहिजे. हलगीवाला आला होता. उदयसिंहानं जोड म्हणून आपल्या भावाचं पोरगं आणलं, राजवीर, टाय लावलेलं. दोन्ही पोरांना कपाळाला माती लावून मधोमध उभं केलं.

आता वाचायचं काय, यावर अर्धा तास गेला. झेडपीचं पुस्तक उदयसिंह घेऊ देईना, पोरीचं पाठ असणार म्हणून. त्याचं पुस्तक सर घेऊ देईनात, त्याच कारणानं. इंग्रजी पेपर गावात येत नव्हता. मिक्सरचं गॅरंटी कार्ड आणलं तर त्यावर मागच्या बाजूला मराठी निघालं.

शेवटी वस्तादांनी कोपरीच्या खिशातनं एक घडी काढली. "ह्ये घ्या. माझ्या गुडघ्याचं मलम हाय, त्येच्या डबीत आलाय ह्यो कागद. बगळ्यागत पांढरं मलम. सा म्हैनं लावतूय, लय गुण हाय. कागद कुणी वाचलेला न्हाय, मीबी न्हाय."

सर्वांना पटलं. पहिला मान राजवीरचा. हलगी कडाडली, थांबली, आणि राजवीरनं कागद नाकासमोर धरून सुरुवात केली. "रिस्पेक्टेड प्रिन्सिपल सर, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स, टुडे वी हॅव गॅदर्ड हिअर टू सेलिब्रेट इंडिपेन्डन्स डे..." एका दमात, कुठंही न अडता, अगदी इचलकरंजीच्या यंत्रमागासारखं खटाखट. कागद उलटा होता की सुलटा, हे त्यानं बघितलंच नव्हतं. 'जय हिंद'ला पोरगं सॅल्यूट ठोकून थांबलं आणि पटांगण टाळ्यांनी भरलं.

सर उठले. "वस्ताद, ह्यो वाचत न्हाय. पंधरा ऑगस्टचं भाषण पाठ म्हणून दाखवलंय. मलमाच्या कागदात स्वातंत्र्यदिन कुठनं येतोय?"

"का? कंपनी देशाची न्हाय व्हय?" वस्ताद म्हणाले. "बसा खाली. कुस्ती चालू आसताना मधी बोलायचं न्हाय."

मग दानेश्वरी. तिनं कागद जमिनीवर पसरला, मांडी घालून मातीत बसली आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"फॉर... अ‍ॅनिमल... युज... ओन्ली."

थांबली.

"अडकली," कुणीतरी म्हणालं. "सुटायला बघ, पोरी."

ती अडकली नव्हती. ती अर्थ लावत होती. "म्हंजे, ह्ये मलम फकस्त जनावराला लावायचं हाय," ती म्हणाली आणि बोट पुढं सरकवलं. "नॉट... फॉर... ह्यूमन... युज. माणसाला लावायचं न्हाय. अप्लाय... ऑन... द... अडर. सर, अडर म्हंजे?"

सरांना पंचांचा चेहरा दिसत होता आणि गप्प बसायला पाहिजे हेही कळत होतं. पण एकवीस वर्षांच्या नोकरीत एवढा स्वच्छ प्रश्न त्यांना कुठल्या पोरानं विचारला नव्हता. "कास," ते म्हणून गेले.

"आफ्टर... मिल्किंग. दूध काढून झालं की म्हशीच्या कासंला लावायचं," दानेश्वरीनं वाक्य पूर्ण केलं. "दिवसातनं दोन डाव."

आधी बायकांच्या बाजूनं खुसखुस आली. मग कुणीतरी मागनं विचारलं, "वस्ताद, दूध किती देताय?" आणि हलगीवाल्यानं, काही कारण नसताना, एक ठोका टाकला. वस्तादांचा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी सावकाश उचलला आणि मागं लपवला.

"पोरगी बाद," ते म्हणाले.

"का, वस्ताद?" सर म्हणाले. "तिनं वाचलंय. एकटीनं वाचलंय."

"मैदानात पंचाच्या आंगाला हात लावला की बाद. नियम हाय."

"तिनं कुठं हात लावला?"

"सर, पोरगीला वाचाय शिकवलंसा ते बरं केलंसा," वस्ताद म्हणाले. "पर कुठं गप बसायचं तेबी शिकवायचं हुतं की. ते जरा ऱ्हायलं."

फेटा राजवीरला बांधला. तो डोळ्यांवर आला, त्यामुळं त्याला उचलूनच न्यावं लागलं.

पण गाव मनातनं काही वेगळंच समजलं होतं. सोमवारी सकाळी चनबसाप्पाच्या गिरणीसमोर लोक पिशव्या घेऊन उभे राहिले. कुणी खोकल्याची बाटली आणली, कुणी टॉनिक, एकीनं तर सुनेचं तोंडाला लावायचं क्रीम. दानेश्वरी एकेकावर बोट ठेवून सांगत होती. दोन औषधं त्याच दिवशी उकिरड्यावर गेली. पिवळ्या बसमधल्या दोन पोरांच्या आया सरांकडं येऊन गेल्या. म्हणाल्या, खरं वाचायला तुमच्याकडंच येतंय, जूनमध्ये नाव घालतो. जून नऊ महिने लांब होता, पण सरांनी मनातल्या मनात पट बावीस लिहिला आणि म्हशीला दुपारी पेंड जास्त घातली.

गुरुवारी चनबसाप्पा पेढे घेऊन शाळेत आला. पेढ्यांखाली शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता.

"सर, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत," तो म्हणाला. "उदयसिंह सायबांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, फी माफ. म्हणले, असलं रत्न आमच्याकडं पायजे. एवढी हुशार पोरगी, झेडपीत ठिऊन वाया घालवायची व्हय?"

"चनबसाप्पा, ती हितंच हुशार झाली की."

"व्हय की. आता हितलं संपलं न्हवं का."

सरांनी पेढा खाल्ला आणि सही केली.

शनिवारी दानेश्वरी रस्त्यात भेटली, टाय लावलेली. "सर, त्यांनी सव्वीस जानेवारीचं भाषण पाठ कराय दिलंय," ती म्हणाली. "मी मॅडमना अर्थ विचारला. त्या म्हणल्या, अर्थ सिलॅबसमध्ये न्हाय. अप्पा म्हणत्यात, इच्चारत बसू नको, नुस्तं म्हण."

"मग म्हणत जा," सर म्हणाले.

तीस तारखेला केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी पोरं दोनदा मोजली. दोन्ही वेळा एकोणीस भरली.

दिवाळीच्या आधी वर्धमान सर दोन एसट्या आणि एक वडाप बदलून चंदगडच्या शाळेवर हजर झाले. तिथला पट सतरा होता आणि शिक्षक ते एकटेच.