डाव्या हाताची कानस

उस्ताद गेल्यावर लोकांनी तिला जे जे सल्ले दिले, त्यात 'आता शेड बंद करून टाका' हा सगळ्यांचा लाडका होता. तिने तो मानला आणि दाराला कडी लावली, पण आतून.

तळ्याच्या काठावरची पत्र्याची शेड, शेडपुढचा लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेली वाफेवर चालणारी छोटी बोट आणि आत लेथ, ड्रिल मशीन, व्हाइस, एवढाच उस्तादांचा पसारा. सगळी वस्ती त्यांना उस्ताद म्हणायची आणि तिला उस्तादांची बायको. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या हाताखाली राबली होती. लेथ चालवायला शिकली, आटे पाडायला शिकली, कानस धरायला शिकली, पण कुठलीही वस्तू तिच्या हातून पुरी होऊन दाराबाहेर पडली, असं कधी झालं नाही. शेवटी उस्ताद यायचे, तिला कोपराने बाजूला सारायचे आणि कानशीचे दोन हात मारून ती वस्तू आपली करून टाकायचे. ते डावखुरे होते. धातूवर त्यांच्या कानशीचे ओरखडे डावीकडे कलायचे, तिचे उजवीकडे, आणि शेडमधून गेलेल्या एकूण एक वस्तूवर शेवटचे ओरखडे डावीकडे कललेले असायचे. तिला याचा मनस्वी संताप यायचा, आणि संसार म्हणून तो ती गिळत आली होती.

बोटीतल्या बॉयलरला पाणी पुरवणारा पंप ही उस्तादांची दुखरी नस. जितकी वाफ इंजिन खाईल तितकं पाणी तळ्यातून ओढून बॉयलरमध्ये ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पण बोट तळ्याच्या मध्यावर पोचली की तो हमखास रुसायचा. दट्ट्या मागेपुढे होत राहायचा, पाणी मात्र जायचं नाही, आणि बॉयलरच्या काचेच्या नळीतली पातळी खाली येऊ लागली की बॉयलर फुटायच्या आत आग ओढून काढावी लागायची आणि वल्ही मारत परतावं लागायचं. उस्ताद म्हणायचे, दट्ट्याभोवतीचं दोरीचं पॅकिंग हिने नीट भरलं नाही. तिला मात्र खरं कारण स्वच्छ दिसत होतं. पाणी बाहेर पडायचं भोक त्यांनी पंपाच्या बगलेला ठेवलं होतं आणि वरच्या कोपऱ्यात हवा अडकून बसत होती. भोक माथ्यावर घेतलं तर हवा आपसूक निघून जाईल, असं तिने एकदा सांगून पाहिलं, तेव्हा उस्ताद चारचौघांत हसले होते.

आता तिला स्वतःचा पंप करायचा होता, माथ्यावर भोक असलेला, आणि तो होईपर्यंत ती कुणाचं ऐकणार नव्हती.

धाकटा दीर मात्र मागे लागला होता. बोट दोघा भावांची सामाईक, आणि त्याला ते जुनं इंजिन मोडीत काढून शेड भाड्याने द्यायची होती. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. शेवटी त्याने तोडगा काढला की वहिनींनी बोट मध्यापर्यंत नेऊन इंजिनावरच परत आणावी, मग तो पुन्हा तोंड उघडणार नाही. पंप बंद पडला, तर मात्र दुसऱ्याच दिवशी इंजिन उचलायला माणसं येतील. तिने ताबडतोब हो म्हटलं. तिच्या त्या हो म्हणण्याने तोच जरा गोंधळला.

तिने गनमेटलचा पितळेसारखा पिवळा ठोकळा लेथवर धरला, दट्ट्यासाठी आरपार पोकळ केला, बाहेरून घासून साफ केला आणि माथ्यावर, जिथे भोक पाडायचं तिथे, पंचने ठिपका ठोकला. मग डबा खाल्ला आणि नेहमीसारखी स्टुलावर बसल्या बसल्या, बाकावर डोकं टेकून, डुलकी काढली. उठून पाहते तो माथ्यावरचा ठिपका कानशीने घासून पुसलेला आणि बगलेला नवा ठिपका ठोकलेला. तिने ठोकळा खिडकीशी नेऊन तिरपा धरला. ओरखडे डावीकडे कललेले होते.

सवय, असं तिने स्वतःला समजावलं. इतकी वर्षं बगलेलाच भोक पाडलंय, हात झोपेतही तिकडेच जाणार. तिने माथ्यावर पुन्हा ठिपका ठोकला आणि उगाच वेळ न घालवता तिथे भोक पाडून, आटे पाडून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशीच्या डुलकीनंतर ते भोक नव्हतं. त्यात धातूची आटेदार खिळी आवळून, वरून घासून इतक्या सफाईने मिळवलेली होती की नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. निदान अर्ध्या दिवसाचं काम. तिच्या पेल्यातला चहा अजून कोमट होता आणि दाराची कडी आतून लावलेली होती.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आधी राग पोचला आणि त्याने सगळी जागा अडवली.

"अहो," ती रिकाम्या शेडला म्हणाली, "हा पंप तुमचा नाही. तुमचे सगळे पंप मी बघितलेत."

तिने खण उघडला, उस्तादांची कानस काढली, जिची मूठ त्यांच्या डाव्या तळव्याच्या आकाराने झिजली होती, आणि धक्क्यावर जाऊन ती सगळा जोर लावून तळ्यात भिरकावली. मग परत येऊन खिळी पोखरून काढली आणि भोक पहिल्यापेक्षा मोठं केलं.

त्यानंतरच्या दुपारी तेही बुजवलेलं होतं. या खेपेला कानस तिचीच वापरलेली होती, आणि तिच्या डाव्या तळव्यावर मुठीच्या जागी टपोरा फोड आला होता.

तो फोड ती कितीतरी वेळ बघत राहिली. डाव्या हाताने तिने आयुष्यात कधी धड कुलूपही उघडलं नव्हतं. एकाच माणसाच्या कोपराशी वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर आपल्यात त्याचं काय काय उतरतं, आणि तो गेल्यावर ते जातं की नाही, हे कुणाला विचारायचं? दिराला विचारलं असतं तर त्याने आधी डॉक्टर आणला असता आणि मग भंगारवाला.

पुढच्या दुपारी भोक पुन्हा पाडून झाल्यावर, डबा खाऊन तिने पॅकिंगची दोरी घेतली आणि उजव्या हाताने आणि दाताने गाठ मारून डावं मनगट बाकाच्या पायाला करकचून बांधलं. ओढून पाहिलं. गाठ पक्की होती. मग ती निवांत झोपली.

जाग आली तेव्हा दोरी तशीच ताणलेली होती, गाठही तशीच करकचलेली होती. बांधलेलं मनगट उजवं होतं. डावा हात ठोकळ्यावर मोकळा पसरला होता, बोटांना पिवळा चुरा लागला होता आणि बुजवलेलं भोक अजून गरम होतं.

ती किंचाळली नाही. दाताने गाठ सोडवता सोडवता तिला उलट हसूच आलं. म्हणजे जिवंतपणी जे कोपराने केलं ते आता असं चाललंय. बरं. झोप ही तिचीच गोष्ट होती, ती तिने सोडून दिली. त्या दिवसापासून तिने स्टूल बाहेर काढून ठेवलं, डबा उभ्यानेच खाल्ला, आणि डोळे जड झाले की तळ्याचं पाणी तोंडावर मारलं. भोक पुन्हा पाडलं, वरच्या आणि खालच्या झडपांच्या गोळ्या त्यांच्या बैठकीत बसवल्या, पॅकिंग भरलं आणि शेवटी ठोकळ्याच्या चारी अंगांवर उजव्या हाताने कानस मारली. डावा हात मध्येच वळवळायचा. तिने त्याला दिवसभर धरायला तेलाचा डबा दिला.

सकाळी दिराला निरोप धाडला आणि पंप बोटीत बसवून आग पेटवली. सोबत येतो म्हणाला, तर तिने त्याला धक्क्यावरच थांबवलं. हे तिचं आणि उस्तादांचं, दोघांचं काम होतं, पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

मध्यापर्यंत पंप शहाण्यासारखा चालला. तिथे पोचल्यावर त्याचा आवाज पोकळ झाला. नळीतली पातळी थरथरली आणि उतरू लागली, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा डावा हात आग ओढून काढायला भट्टीच्या दाराकडे निघाला. तिने तो खेचून मांडीखाली घातला आणि त्यावर सगळं वजन टाकून बसली. पातळी आणखी उतरली. हे चुकलं असतं तर इंजिनच नव्हे, तीसुद्धा मोडीत निघाली असती, आणि हे तिला नीट माहीत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हवा जाऊ दे. माझं भोक वर आहे."

पंपाने एक मोठी गुळणी केली. मग दट्ट्याचा आवाज भरीव झाला आणि काचेत पाणी चढायला लागलं, अगदी निर्लज्जपणे, जसं काही कधी उतरलंच नव्हतं. ती मोठ्याने हसली. ऐकायला चारचौघं नव्हती, याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

तिने बोट वळवली. उजवा हात सुकाणूवर होता आणि डावा अजून मांडीखाली. तरीही वाफेचा जोर उतरत नव्हता. पूर्वी भट्टीची पाळी तिची असायची, उस्ताद सुकाणू धरायचे आणि ती मागे वाकून भट्टीत लाकडं सारायची. आता पाठीमागे भट्टीचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज तिने ऐकला, मध्ये जरा वेळ गेल्यावर पुन्हा ऐकला, आणि मान न वळवता बोट धक्क्याच्या रोखाने सरळ ठेवली.

दीर काठावर उभाच होता. त्याने दोर झेलून खुंट्याला बांधला, पुढे वाकून हात दिला आणि तिला वर घेतलं. जमलं वहिनी तुम्हाला, असं तो अगदी मनापासून म्हणाला, इंजिनाला आता कुणी हात लावणार नाही, असंही म्हणाला. तिने मान डोलावली, हात पुसले आणि शेडकडे निघाली.

दोन पावलं गेल्यावर तिने मागे पाहिलं. दीर अजून तसाच वाकलेला होता, हात बोटीकडे पुढे केलेला, पुढच्या माणसाला वर घ्यायला करतात तसा, आणि तो का केलाय हे त्याचं त्यालाही कळत नसावं असा त्याचा चेहरा झाला होता.

"हात नका देऊ, भाऊजी," ती म्हणाली. "त्यांना अजून राख काढायचीय."