पक्क्या भाजणीचं मडकं

"हे बोट कुणाचं?" चंद्रमौलीरावांनी विचारलं आणि खापराचा तुकडा वर धरला.

"तुमचंच, सार," मागच्या ओळीतून मणी म्हणाला. सगळा वर्ग खिदळला.

खापरावर अंगठ्याचा ठसा होता. कुणा जुन्या कुंभाराने ओल्या मडक्याचा काठ दाबताना तो उठला आणि भट्टीत कायमचा राहून गेला. चंद्रमौलीराव हा तुकडा दर साली नव्या मुलांना दाखवत, आणि दर साली एखादा मणी निघतच असे. ते रागावले नाहीत.

"माझं असतं तर इतकं टिकलं नसतं," ते तमिळमध्ये म्हणाले. "हा कुंभार मेला. त्याची गिऱ्हाइकं मेली. ज्या राजाला तो सारा भरत होता तोही मेला. अंगठा तेवढा राहिला. कारण भाजणी पक्की होती. करणाऱ्याच्या मागे जे उरतं, ते चांगलं मडकं."

पहिल्या ओळीतल्या रंगाने मान हलवली. बाकीच्यांचं लक्ष खिडकीबाहेरच्या विजेच्या चाकाकडे होतं.

देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने मेलकावेरीला कुंभारकामाचं शिक्षण केंद्र काढलं होतं. पत्र्याची शेड, विजेवरची चाकं, दगडी कोळशाची मोठी भट्टी, बाहेरगावाहून गाडीने येणारी माती, असा सगळा थाट. तिथे येणारी मुलं पिढीजात कुंभारांची. त्यांना आपल्या धंद्याचा इतिहास ठाऊक असावा, असं वरच्या कुणा साहेबाच्या मनात आलं. मग हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या चंद्रमौलीरावांना बोलावणं धाडलं. आठवड्यातून एक तास, गुरुवारी. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी चिखलात हात घातला नाही, अशा रायराने कुंभारांच्या पोरांना कुंभारकी सांगायची! मराठी ब्राह्मणाला तिकडे रायर म्हणतात, आणि आख्ख्या केंद्रात रायर एकच होता.

गंमत अशी, की त्यांचा प्रत्येक धडा दोनदा होई. गुरुवारी तमिळमध्ये वर्गात, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मराठीत, आजारी बायकोच्या, गोमतीबाईंच्या खाटेपाशी.

तंजावरच्या दरबाराबरोबर जे पूर्वज दक्षिणेत उतरले, त्यांची जुनी मराठी, 'पाहिजे'ला 'होणे' म्हणणारी, या घरात अजून होती. गल्लीतलं दुसरं मराठी घर मद्रासला गेलं. भाचे-पुतणे मराठीत विचारलं तर तमिळमध्ये उत्तर देत. मरुदानल्लूरच्या मठात भजनाला गेलं की अभंग कानी पडत, जीव निवत असे. पण विठ्ठलाशी वांग्याची भाजी खारट झाली म्हणून भांडता येत नाही. त्याला घरचं माणूस लागतं. चंद्रमौलीरावांना मूलबाळ नव्हतं, आणि भांडायला म्हणून या जगात एक गोमतीबाईच होत्या.

पोंगलपासून त्यांच्या पायांवरची सूज उतरली नव्हती. तरी बुधवारी संध्याकाळी त्या उशीला टेकून बसत आणि धडा ऐकत.

"पुरे की हो आतां," त्या म्हणाल्या. "पालथ्या घड्यावर पाणी ओततांत तुम्ही. त्या पोरांस चाक फिरवाय होणे. जुनी खापरं कशास?"

"पालथा घडाच बरा, गोमती. त्यांत धूळ जात नाहीं."

"बोलण्यांत मात्र कोणास हार जायचे नाहींत. कोणी एक तरी ऐकतो की?"

"रंगा म्हणून आहे एक. तो ऐकतो."

"मग जाहलं तर. तो एक, आणि मी एक." त्यांना धाप लागली. "मज थोडकं पाणी होणे."

त्यांनी पाणी दिलं आणि पुढचा धडा सांगायला घेतला.

रंगाने त्या सुमारास एक मडकं केलं होतं. बाहेरगावची माती, कोळशाची भट्टी आणि पोराचा हात, असं तिन्ही जमून आलं होतं. अंगाने पातळ, पोटाला गोल, टिचकी मारली की घंटेसारखं वाजे. काठाखाली त्याने आपला अंगठा दाबला होता आणि ते चंद्रमौलीरावांना लाजत लाजत दाखवलं होतं. मद्रासच्या प्रदर्शनात पाठवायचं म्हणून केंद्राच्या साहेबांनी ते कपाटावर ठेवून दिलं.

गोमतीबाई एका सकाळी गेल्या. चंद्रमौलीराव कॉफी गाळून घेऊन आले तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली. पेला खाली ठेवला, पुन्हा हाक मारली, आणि मग शेजारच्यांना सांगायला बाहेर गेले. बाहेर पडताच तोंडातून तमिळ आलं. बायको गेल्याचं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते परक्या भाषेत, आणि ही गोष्ट त्यांना पुढे कित्येक दिवस सलत राहिली.

केंद्रातली मुलं धावत आली. बांबू बांधले, लाकडं वाहून नेली. मडकं आणायला कुणी बाजाराकडे निघालं तेव्हा रंगा म्हणाला, "मी आणतो. सारांच्या घरी बाजारचं नको." आणि त्याने साहेबांना न विचारता कपाटावरचं मडकं काढून आणलं.

कावेरीच्या काठी चितेला अग्नी दिला. पाण्याने भरलेलं मडकं डाव्या खांद्यावर घेऊन चंद्रमौलीराव फेरा घालू लागले. मडक्याला धरलेलं त्यांचं बोट काठाखालच्या खळगीत गेलं, आणि हे कोणतं मडकं ते त्यांना कळलं. फेरा पुरा होताच शास्त्रीबुवांनी मागून दगडाने टोचा मारला. तिथून पाण्याची धार लागायची असते. धार लागली नाही. शास्त्रीबुवांनी पुन्हा मारलं, मग जोरात मारलं. मडकं टणटणलं आणि तसंच राहिलं.

"भोक पडेना," ते पुटपुटले. "चला, पुढे चला."

दुसऱ्या फेऱ्याला तेच झालं, तिसऱ्यालाही तेच. चितेभोवती पाण्याचा एक थेंब पडला नाही. भरल्या मडक्याने म्हाताऱ्याचा खांदा वाकला होता. शेवटी पाठमोरं उभं राहून त्यांनी ते मागे टाकलं. आता मागे बघायचं नसतं. नुसता फुटल्याचा आवाज ऐकायचा आणि निघायचं. त्यांनी कान दिला. वाळूवर धप्प झालं, पाणी भळभळ सांडलं, आणि त्यापुढे काही नाही.

"बाईंचा जीव अडकलाय," शेजारचं कुणीतरी हळूच म्हणालं. पण सगळ्यांनी ऐकलं.

चंद्रमौलीरावांना राग आला. कुणावर ते त्यांना उमगेना. जळणाऱ्या बायकोकडे पाठ करून ते उभे होते. वळता येत नव्हतं आणि पाऊल उचलत नव्हतं. इतकं एकटं त्यांना सकाळी रिकाम्या हाकेनंतरही वाटलं नव्हतं.

मागे कुणीतरी पळत आलं. वाळूतून दगड उपसल्याचा आवाज झाला. मग दगड मडक्यावर पडला. पुन्हा पडला. मग फुटलं, आणि फुटल्यावरही कुणीतरी ठोकतच राहिलं, आणि ठोकता ठोकता हुंदके देऊ लागलं. रडण्यावरून चंद्रमौलीरावांनी रंगाला ओळखलं. "चल," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि मागे न बघता घाट चढले.

दिवसकार्य झाल्यावर ते पुन्हा वर्गावर गेले. पहिल्या ओळीत रंगा नव्हता. तो त्या दिवसापासून केंद्रावर फिरकलाच नाही, असं मणीने सांगितलं. या खेपेला मणीच्या बोलण्यात थट्टा नव्हती. त्या तासाला काय शिकवलं ते चंद्रमौलीरावांना नंतर आठवेना.

वर्ग सुटल्यावर ते कुंभारआळीत गेले. रायर आपल्या दारात आलेला बघून रंगाच्या बापाची त्रेधा उडाली. तो चटई शोधू लागला तोवर ते पायरीवर बसलेही.

"पोर गाढव आहे, सामी," बाप हात जोडून म्हणाला. "त्या कामाचं मडकं आम्ही मुद्दाम कच्चं भाजतो. याला काय ठाऊक नव्हतं? लहानपणापासून बघतोय."

रंगा मातीच्या ढिगाआड उभा होता. चंद्रमौलीरावांनी त्याला जवळ बोलावलं.

"ठाऊक होतं तुला?"

"होतं, सार."

"मग?"

"कच्चं मडकं तुमच्या घरी कसं द्यायचं?" रंगाचा आवाज फुटला. "उरतं ते चांगलं, असं तुम्हीच शिकवलंत. अम्मांसाठी मी वाईट मडकं कसं आणणार?"

समोर बापाने उन्हात ओली मडकी मांडली होती. एक कोंबडी त्यांच्यातून ऐटीत फिरत होती, आणि तिला कुणी हाकलत नव्हतं.

"चूक तुझी नाही," ते म्हणाले. "पक्कं भाजलेल्याची खापरं सापडतात, म्हणून मी त्यांचा इतिहास सांगत आलो. कच्चं भाजलेलं मातीत मिसळून जातं. दाखवायला तुकडा हाती लागत नाही, म्हणून मी ते कधी शिकवलंच नाही. फुटण्यासाठी केलेली मडकीही कुणीतरी केलीच होती ना? पुढच्या गुरुवारी त्यांच्याबद्दल सांगणार आहे. ये."

रंगाचा बापच म्हणाला, "येईल, सामी. मी आणून सोडतो."

बुधवारी संध्याकाळी चंद्रमौलीराव सवयीने आतल्या खोलीत गेले. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. ते धडा मनाशी जुळवत थोडं घुटमळले. भिंतीला काय सांगायचं? दिवा मालवून ते ओसरीवर येऊन बसले. नवा धडा घरी न सांगता ते वर्गावर जाणार होते.

गुरुवारी रंगा आला. पहिल्या ओळीत न बसता मणीच्या शेजारी बसला. मणीने सरकून जागा दिली.

चंद्रमौलीरावांनी आज हातात काही आणलं नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली, हे गाव कसं झालं त्याची गोष्ट त्यांनी सांगायला घेतली. प्रलयाच्या पाण्यावर अमृताचा घडा तरंगत तरंगत या ठिकाणी आला. शंकराने व्याधाचं रूप घेऊन बाण मारला आणि घडा फोडला. अमृत सांडून माती भिजली, त्या मातीचं लिंग झालं. "लोक बाण मारणाऱ्याची पूजा करतात," ते म्हणाले. "पण घडाही तसाच हवा होता. बाणाने फुटेल असा. फुटलाच नसता तर हे गाव झालं असतं का?"

रंगाने मान वर केली. चंद्रमौलीराव बोलत राहिले. लग्नात फुटतं ते मडकं, देवापुढे फुटतं ते, नदीकाठी फुटतं ते. करणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, हे राहायचं नाही. तरी तो माती तितकीच मळतो, काठ तितकाच गोल करतो, आणि भाजताना हात आवरता घेतो. हात आवरता घेणं सगळ्यांत अवघड. फार जपलं तर सुटत नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. शब्द घरातल्यासारखे सैल येऊ लागले. वर्गातली चुळबुळ थांबली होती. बाहेरचं चाकही कुणीतरी बंद केलं. इतकं चांगलं आपल्याला कधी सांगता आलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. आणि मधेच थांबून, उशीकडे बघावं तसं डावीकडे बघत त्यांनी विचारलं, "ऐकतेस नव्हे?"

समोर मुलं स्तब्ध बसली होती. चंद्रमौलीरावांच्या ध्यानात आलं, की आपण केव्हापासून मराठीत बोलतो आहोत. कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. कुणी हसलं नव्हतं. मणीसुद्धा नाही.

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. घसा खाकरला. आणि जिथे भाषा सुटली होती तिथपासून तेच सगळं तमिळमध्ये पुन्हा सांगायला सुरुवात केली.