भेटण्याची वेळ सहा ते आठ

"तिची सनद गेली म्हणे. माझ्या दिरानं स्वतः कागद पाहिलाय. म्हणजे तिनं नक्की कुणाचं तरी..."

एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार मिटलं. समोरच्या काकू आणि वरच्या मजल्यावरच्या बाई बोलत बोलत खाली गेल्या. मी इथं दारावर तोंड उघडं ठेवून राहिले. कुणाचं तरी काय? बुडवलं? चोरलं? फाडलं? अहो, वाक्य तरी पुरं करून जायचं.

मी एक पितळी पाटी बोलतेय. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या अगदी समोरच्या दारावर असते. त्यामुळे जाणाऱ्यायेणाऱ्याचं सगळं माझ्या कानावर पडतं. लपवायचं कशाला, पडलं नाही तर मी कान लावून ऐकते. माझ्या अंगावर या घरातल्या मुलीचं नाव कोरलंय. त्याखाली 'वकील'. आणि सगळ्यात खाली 'भेटण्याची वेळ : सायंकाळी सहा ते आठ'.

सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. तोच गेला, तर मी कशाची पाटी?

माझा जन्म बाजारामागच्या बोळात, शिक्के आणि पाट्या कोरणाऱ्याच्या दुकानात झाला. मुलीच्या हातात सनद पडली त्याच दिवशी तिचे बाबा तिथं आले. पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घ्यायची त्यांची नोकरी होती. निवृत्त होईपर्यंत ते दारोदार हिंडले. दार उघडेपर्यंत करायचं काय, तर समोरची पाटी वाचायची. डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या, प्राध्यापकांच्या, सगळ्यांच्या पाट्या त्यांना पाठ.

"पितळेचीच करा," ते कोरणाऱ्याला म्हणाले. "आणि खाली भेटण्याची वेळ घाला."

"मुलीला विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? वकिलांच्या पाटीवर वेळ असतेच. मी काय कमी पाट्या वाचल्यात?"

कोरणाऱ्यानं खांदे उडवले आणि माझ्या अंगावर सहा ते आठ कोरलं. ती वकील होऊन एक दिवस झाला नव्हता. पक्षकार तर सोडाच, बसायला खुर्चीही नव्हती.

या दारावर आधी बाबांच्या नावाची लाकडी पाटी होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली. कपडे धुवायचं मशीन हलायचं, म्हणून आईनं ती मशीनच्या पायाखाली सारली. तिची भोकं मात्र दारावर राहिली. मला जरा वर, नव्या भोकांवर बसवलं. बाबा मागं सरून बघत राहिले. मग उगाचच बाहेरून बेल वाजवली आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे शिरले.

सुरुवातीचे दिवस मी नुसती चमकत होते. आई लिंबू घेऊन घासायची. मुलगी सकाळी काळा कोट घालून एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली कामाला जायची. त्यांना ती 'सर' म्हणे. मला वाटलं, आता हिची पाचही बोटं तुपात.

मग हळूहळू कानावर पडायला लागलं ते ऐकून मी गार पडले. सर तिच्याकडून फायली वाहून घेत, तारखा घ्यायला रांगेत उभं करत, आणि पगाराचं नाव काढलं की म्हणत, "शिकायला मिळतंय ना?" येण्याजाण्याचं भाडं सुटलं तरी बरं, अशी गत. तिनं कंपन्यांमध्ये अर्ज केले. ते म्हणाले, अनुभव आणा. एके ठिकाणी तर सांगितलं, नवीन मुलांना जे खरडायला द्यायचो ते आता कॉम्प्युटर खरडतो, तुम्हाला ठेवून करू काय?

"अनुभव मागायला सगळे आहेत," आई दारात केर काढता काढता म्हणाली. "द्यायला कुणी नाही."

आणि यात भर माझी. सरांकडे पक्षकार संध्याकाळी येत. ते काय विचारतात, सर काय सांगतात, हे ऐकायला मिळणं म्हणजे खरं शिक्षण. पण संध्याकाळी सहा वाजले की बाबा फोन करायचे. "अगं, पाटीवर वेळ लिहिलीय. कुणी आलं तर?"

येत होत्या त्या फक्त समोरच्या काकू. "जरा बघ गं, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या भिंतीत उतरतंय. त्यांना एक नोटीस लिहून दे. तू काय, घरचीच." नोटीस लिहून झाली की काकू सोफ्यावर रेलून विचारायच्या, "सरांनी आज लवकर सोडलं वाटतं? की रोजच सोडतात?"

एकदा मुलीनं माझ्या तोंडावर, वेळेच्या ओळीवर पांढरी चिकटपट्टी लावली. मी चाट पडले. सकाळी बाबांनी ती नखानं खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. पुन्हा नख. त्यांचं भांडण माझ्या अंगावर चाललं होतं.

पण खरा धक्का बसला तो एका दुपारी. जेवणाचं पार्सल घेऊन हेल्मेट घातलेला एकजण आला. बेलवर बोट ठेवता ठेवता थांबला. माझ्यावरचं नाव त्यानं पुटपुटत वाचलं आणि मागं फिरणार, तेवढ्यात मुलीनं दार उघडलं.

"तू?"

"पार्सल," तो म्हणाला. मग हसला. "पाटी छान आहे गं. आपल्या वर्गातली पहिली पाटी."

"तू कोर्टात असतोस ना?"

"असतो की. सकाळी कोर्ट, दुपारनंतर हे. कोट खाली डिक्कीत आहे."

"आणि कुणी ओळखलं तर?"

"म्हणून तर हेल्मेट काढत नाही."

दोघं हसले, पण ते हसणं ऐकून मला कसंसंच झालं. एवढी वर्षं पुस्तकं घोकायची आणि हेल्मेटमागं तोंड लपवायचं? मी तर समजत होते की माझ्यासारखी पाटी लागली म्हणजे माणूस पोचला. जाता जाता तो म्हणाला, "ऐक, एके ठिकाणी जागा आहे. चांगली आहे. पण त्यांची एक अट आहे. मला नाही जमली. बघ, तुला जमते का." आणि ती त्याच्यासोबत जिना उतरत गेली. अट काय ते मला कळलंच नाही. जिन्यात बोलणाऱ्यांचा मला फार राग येतो.

त्यानंतर महिनाभरातच एक विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी मुलगी कोट घालून बाहेर पडे. बाबा दारातून म्हणत, "नीट जा." दार लागलं की ती लिफ्टपाशी उभी राहून कोट काढायची, घडी घालून पिशवीत ठेवायची आणि साध्या कपड्यांत खाली जायची. संध्याकाळी उलटा खेळ. लिफ्टमधून बाहेर पडली की पिशवीतून कोट काढायची, घालायची, बटण लावायची आणि मग बेल वाजवायची. माझ्या डोळ्यांदेखत रोज हे चाललेलं. मला काही थांगपत्ता लागेना. आणि समोरच्या दाराच्या छोट्या भिंगातून आणखी एक डोळा हे बघत होता, हेही मला दिसत होतं.

त्या डोळ्याचे दीर कोर्टात कारकून आहेत. आता कळलं ना, लिफ्टमध्ये मिटलेलं ते वाक्य कुठून आलं?

त्याच दिवशी संध्याकाळी बाबा भाजी घेऊन आले. कुलपात किल्ली घालतात तोच काकू दार उघडून बाहेर आल्या.

"भाऊ, वाईट वाटलं हो."

"कशाचं?"

"आता आमच्यापासून काय लपवायचं? सनद काढून घेतली ना तिची? आमचे दीर म्हणत होते. आणि ती रोज इथं उभी राहून कोट काढते, तेव्हाच मी ओळखलं. एवढी हुशार पोरगी, कुणाच्या नादी लागली?"

बाबांचा हात किल्लीवर तसाच राहिला. पिशवीतला कांदा घरंगळत लिफ्टपर्यंत गेला. ते उचलायला वाकले नाहीत. आत गेले. दाराला अगदी लागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आईनं आतून विचारलं, "अहो, दारात काय बसलात?"

लिफ्ट वर आली. मुलगी बाहेर पडली. पिशवीतून कोट काढला, एक हात बाहीत घातला, आणि दार उघडलं.

बाबा उंबऱ्यात उभे होते. तिचा एक हात कोटात, एक बाहेर.

"घाल," बाबा म्हणाले. "दुसराही घाल. मग सांग, कुठून आलीस?"

तिनं कोट घातला नाही. काढला, हातावर टाकला. "ऑफिसातून. महिना झाला. दुकानांची मोठी कंपनी आहे. त्यांचे भाड्याचे करार वाचायचे, चुका काढायच्या, नवे लिहायचे. पगार आहे बाबा. खरा, महिन्याच्या महिन्याला."

"मी सनदेचं विचारतोय. काकू म्हणतात काढून घेतली."

"काढून नाही घेतली. मी नेऊन जमा केली."

बाबांना काही सुधरेना. मलाही. जमा केली? हातानं?

"पगारी नोकरी धरली की सनद जमा करावी लागते. नियमच आहे. नोकरी सोडली की परत मागता येते. कुणाचं काही बुडवलं नाही मी." हेल्मेटवाल्याला न जमलेली अट ती हीच, हे मला तेव्हा कळलं.

काकूंचं दार आधी बोटभर उघडं होतं, आता हातभर उघडलं. "म्हणजे भानगड काही नाही?"

"नाही, काकू."

"मग मी वरच्या बाईंना काय सांगू? मी तर सकाळीच सांगून बसले."

"सांगा, सनद गेली हे खरंय. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

काकूंनी कांदा उचलून बाबांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच काही न विचारता आत गेल्या.

"आईला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"होतं," आई आतून म्हणाली.

"म्हणजे मी एकटाच परका." बाबा म्हणाले. "आणि सनद परत मिळेपर्यंत तू कोण?"

"तोवर ती वेळेवर जेवेल," आई म्हणाली. "सरांकडे असताना दोन घास धड खात नव्हती."

"मला का नाही सांगितलंस गं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी हादरले. इतके दिवस मी विचार करत होते की हिनं काय केलं, कुणाला फसवलं. आणि कारण मी निघाले. "सनद नसताना वकील म्हणवून घेता येत नाही, बाबा. ही काढावी लागेल. तुम्ही तिला रोज रुमालानं पुसता. कसं सांगणार होते?"

बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाचली," एवढंच म्हणाले. मग मुलीच्या हातावरचा कोट घेतला, आत नेऊन दारामागच्या खुंटीला नीट अडकवला.

सकाळी स्क्रू सुटले. मला वर्तमानपत्रात गुंडाळून बाबा त्याच बोळातल्या दुकानात गेले. कोरणारा म्हणाला, "पितळेवरचं पुसता येत नाही. कापता येतं."

"नाव राहील ना?"

"नाव राहील."

"मग थांबा." बाबांनी फोन लावला. "अगं, कापू का? नाव तसंच ठेवतोय." या वेळी त्यांनी विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण करवत लागली.

दुखलं का, असं विचाराल, तर दुखण्यापेक्षा दचकलेच जास्त. 'वकील' आणि सहा ते आठ एका पट्टीवर निघून गेले. मी निम्मी झाले. दारावर परत लागले तेव्हा माझ्याखाली मोकळी जागा दिसायला लागली, जुनी भोकं उघडी पडली.

त्या संध्याकाळी आईची आतून तक्रार ऐकू आली, मशीन नाचतंय म्हणून. मुलगी बाहेर आली ती बाबांची लाकडी पाटी घेऊन. पाण्याचे डाग पडलेले, एक कोपरा दबलेला. तिनं ती माझ्याखाली जुन्या भोकांवर बसवली. स्क्रू बरोबर बसले.

"मशीनखाली काय ठेवलंस?" बाबांनी विचारलं.

"कायद्याचं जाडं पुस्तक."

"कायद्याचं?"

"जुनं झालंय, बाबा. कायदे बदलले."

बाबांचे डोळे पांढरे झाले. मग ते हसायला लागले, ते लिफ्ट येऊन निघून गेली तरी थांबेनात.

आता आम्ही दोघी पाट्या दारावर आहोत. मुलगी सकाळी साध्या कपड्यांत निघते, बाबा "नीट जा" म्हणतात. ही नोकरी टिकेल का, ती पुन्हा सनद मागेल का, मला माहीत नाही. त्या हेल्मेटवाल्याला अजून काही मिळालेलं नाही, तोही मध्येमध्ये येतो. आता पार्सल नसलं तरी येतो, आणि आत येताना हेल्मेट काढतो.

तुमच्याही घरात कुणी नुकतं पास झालं असेल. पाटी करा, हौसेनं करा. पण खाली काय कोरायचं ते ज्याचं नाव आहे त्याला विचारून कोरा.

काकू काल वरच्या बाईंना म्हणत होत्या, "अहो, सनद गेली ती गेली, पण तिनं स्वतःच..." आणि लिफ्टचं दार मिटलं. मी या वेळी घाबरले नाही. पुढचं मला ठाऊक होतं.

माझी कापलेली पट्टी कुठं आहे, हेही मला ठाऊक आहे. दारामागच्या कोटाच्या खिशात. दार जोरात लागलं की ती बटणावर आपटून किणकिणते, आणि लाकडाच्या या बाजूला मला ऐकू येते.