नाला सोडून गेलेली रेघ

प्रभाग सहा आणि प्रभाग सात यांची सीमा अकराशे मीटर नाल्याच्या मधोमध चालते. एका ठिकाणी ती नाला सोडते, पूर्वेचा काठ चढून पंचशीलनगरात शिरते, शेवटच्या गल्लीतली त्रेचाळीस घरे सातमध्ये ओढून घेते आणि पुन्हा नाल्यात उतरते. त्या जागी ना रस्ता आहे, ना भिंत, ना उंचवटा.

रत्नमालाने हा नकाशा प्रसेनजितच्या टेबलावर पसरला तेव्हा हरकतींची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. ती त्याची चुलत बहीण; शिवणकाम करणारी, बचत गटाची अध्यक्ष, आणि यंदा नगरपरिषदेला उभे राहायचेच असे ठरवून बसलेली. गावात अनुसूचित जातींसाठी तीन प्रभाग राखीव होणार होते, जिथे त्यांची टक्केवारी सर्वांत जास्त ते तीन. पंचशीलनगर अखंड असते तर प्रभाग सहा दुसरा लागला असता. तुकडे पडल्यामुळे तो चौथा लागत होता. मागच्या खेपेलाही चौथाच लागला होता. तेव्हापासून गल्लीची नळाची पाइपलाइन अडलेली: सहाचा नगरसेवक म्हणे गल्ली सातची, सातचा म्हणे गल्ली पंचशीलनगराची.

"कोन्या पुढाऱ्यानं मुद्दाम तोडलं हे," रत्नमाला म्हणाली.

"पुरावा?" प्रसेनजितने विचारले. सव्वीस वर्षे विज्ञान शिकवल्यावर हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघे.

"पुरावा तुमी काढा, भाऊ. आमी पान्याचे गुंड उचलून राह्यलो ना."

प्रसेनजितचे घर त्याच गल्लीच्या तोंडाशी, नाल्याला लागून होते. फाटकावरच्या पाटीवर नावाखाली 'उदय कॉलनी विस्तार' असे कोरले होते. खरी उदय कॉलनी नाल्यापलीकडे होती. त्याच्यामागे चौथे घर पंचफुलाकाकूचे, रत्नमालाच्या आईचे. त्या घरात तो दहावीपर्यंत वाढला होता. काकू मात्र पत्ता विचारणाऱ्याला अजून पंचशीलनगरच सांगे.

दुसऱ्या दिवशी तो नगरपरिषदेत गेला. पुढाऱ्याची शंका पहिल्या दहा मिनिटांतच निकालात निघाली. पवन नावाच्या लिपिकाने समजावून सांगितले, की प्रभागाची रेघ कोणी नव्याने ओढत नाही. जनगणनेचे गट जसेच्या तसे उचलून एकमेकांना जोडायचे. गट फोडायचा नाही, असा नियम. म्हणजे प्रभागाची रेघ ही मुळात गटाची रेघ, आणि गट २०१० साली पाडलेले.

"तवाचा नजरी नकाशा हाये, सर," पवन म्हणाला आणि कपाटातून एक पिवळट कागद काढून आणला. "पाहा ना, कसा साफ काढला हाये. आजकाल असं कोनी काढत नाई."

खाली उजव्या कोपऱ्यात प्रसेनजितची सही होती.

नकाशे नीट काढतो म्हणून त्या भागाचे गट पाडायचे काम तेव्हा त्याच्याकडे आले होते, हे तो विसरलेला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या रेघेवरून आज प्रभाग पडतात, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. रेघ का वळवली याचे उत्तरही त्याच्याजवळ तयार होते: पंचशीलनगराचा गट फार मोठा होत होता. एका गटात आठशेपर्यंत माणसे चालत. म्हणून एक गल्ली शेजारच्या गटात टाकली. हे उत्तर त्याने इतकी वर्षे जपले होते, पण कधी तपासले नव्हते.

त्याने तेव्हाच्या लोकसंख्येचा गोषवारा मागवला. गल्ली वगळून गटात पाचशे एकसष्ट माणसे होती. गल्लीत एकशे शहाऐंशी. बेरीज सातशे सत्तेचाळीस.

त्याने ती दोनदा केली. एखाद्या विद्यार्थ्याने असले उत्तर लिहिले असते, तर समासात त्याने फक्त 'निष्कर्ष निराधार' एवढे लिहिले असते.

उरले ते आठवणे अवघड नव्हते. २००९ साली त्याने हे घर बांधले. बुद्धवंदना ठेवली, खीर केली, शाळेतल्या अकरा सहकाऱ्यांना पत्रिका दिल्या. दोघे आले, दोघांनीही उपवास आहे असे सांगितले. त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एकाने विचारले होते, "सर, प्लॉट घेतलाच होता, तर पंचशीलनगरात काहून?" पुढच्या मे महिन्यात हातात पेन्सिल आली. एकटे आपले घर पलीकडे घेतले असते तर ते नजरेत भरले असते. म्हणून त्याने अख्खी गल्ली घेतली आणि वर सुवाच्य अक्षरात 'उदय कॉलनी विस्तार' लिहिले. पत्ता बदलला. सहकारी त्यानंतरही आले नाहीत. प्रयोग फसला, उपकरण मात्र तिथेच राहून गेले, आणि वस्ती त्यात अडकली.

संध्याकाळी तो काकूच्या ओट्यावर जाऊन बसला. रत्नमाला मशीनवर होती. पुढारी नाही, नियमही नाही, असे त्याने सांगितले. मग कोण, ते सांगितले. का, तेही सांगितले. सांगताना त्याला जाणवले की आपण एखादा पाठ शिकवावा तसे क्रमवार बोलत आहोत, आणि त्याची त्याला आणखी शरम वाटली.

मशीन थांबली होती. रत्नमालाने सुईतला दोरा ओढून काढला, पुन्हा ओवला, पण पाय चालवला नाही.

"तुह्या घराले अन् माह्या घराले वीट एकाच भट्टीची," काकू म्हणाली. "मीच सांगतली होती तुले ते भट्टी."



"उद्या अर्ज द्याचा हाये," रत्नमाला म्हणाली. "कारन काय लिहू?"

त्याने सुचवले की सीमा नैसर्गिक नाही, नाला सोडते, एवढे लिहिले तरी हरकत नियमात बसते.

"तेवढं मलेही लिहिता येते. ते म्हनतीन, जुना गट हाये, फोडता येत नाई. मंग?" तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. "गट कायले पडला, ते तुमी लिहा. सहीसकट. सही त तुमची चांगली असते, भाऊ."

त्याने कोरा कागद घेतला. हे गावभर वाचले जाईल हे त्याला कळत होते. शाळेत आधी, मग गल्लीत. हरकत मान्य होईलच असेही नव्हते. त्याने 'हरकतीचे कारण' असे लिहून खाली रेघ मारली, आणि त्याखाली लिहिले:

'प्रभाग सहा व सात यांची सीमा नाला सोडून पंचशीलनगरातून जाते, कारण सन २०१० मध्ये गट पाडताना मी ती तशी आखली. लोकसंख्या, रस्ता किंवा नाला यांपैकी कोणतेही कारण त्यामागे नव्हते. माझ्या घराचा पत्ता पंचशीलनगर असा असू नये, म्हणून मी ती आखली.'