सगळ्या चौकटींत 'नाही'

बायको जाऊन सहा आठवडे झाले आणि इन्स्पेक्टरांच्या दारात तिच्या नावाचं पत्र येऊन पडलं. विमा कंपनीचं होतं. आपण लवकरच सत्तर वर्षं पूर्ण करत आहात, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन, अशी सुरुवात. पुढे, पॉलिसी चालू ठेवायची असेल तर सोबतचा आरोग्याचा फॉर्म नव्यानं भरून चाळीस दिवसांत पाठवावा, वगैरे. इन्स्पेक्टरांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं आणि साखरेच्या डब्याखाली सरकवून दिलं. डब्याखाली आधीचीच चार-पाच पत्रं होती. त्यामुळे डबा एका अंगाला कलला होता.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस-बिलीस नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात लिफ्टा तपासल्या. या इमारतीत राहायला आल्यावर बायकोनं तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना नुसतं 'आमचे हे इन्स्पेक्टर होते' एवढंच सांगितलं. झालं. महिनाभर इमारतीत चिडीचूप. तिसऱ्या मजल्यावरच्यानं जिन्यात लावलेली सायकल मुकाट्यानं घरात नेली. खरा प्रकार कळेपर्यंत नाव चिकटलं होतं, ते चिकटलंच. आणि हे लिफ्ट इन्स्पेक्टर राहात होते चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा तपासल्या, म्हातारपणी एक नशिबी नाही."

परदेशात येऊन राहायची कल्पना त्यांची. मायदेशातली थंडी गुडघ्यांत शिरायची, पेन्शन महिनाअखेरीपर्यंत दमायची. इथे ऊन होतं, समुद्र होता, भाडं निम्मं होतं. ती म्हणाली होती, "तुमच्या मनात आहे ना? मग जाऊ." एकुलती एक लेक आणि नात तिकडेच राहिल्या. त्याला आता दोन वर्षं चार महिने होत आले होते. कागदपत्रं सगळी बायकोकडे. इन्स्पेक्टरांकडे खिळे, दिवे आणि गळके नळ.

ती गेली तेही तसं साधंच. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली बसली आणि म्हणाली, "जरा दम लागलाय." अँब्युलन्सच्या माणसांनी तिला खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब होती. बऱ्याच वर्षांचं दुखणं असणार, बाईंना माहीतच असेल.

"नाही हो," इन्स्पेक्टर म्हणाले. "तिला काही नव्हतं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर लिहायला सुरुवात केली.

तेव्हापासून इन्स्पेक्टर रडले नव्हते. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठाला हात लावावा, ओठ जागेवर असावा, पण तो दुसऱ्याच कुणाचा वाटावा, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवत होते, झोपत होते, केर काढत होते. जिन्यात भेटणारे म्हणत, छान सावरलात हो. ते म्हणत, हो.

लेकीचा रविवारी फोन यायचा.

"बाबा, आता एकटे कशाला राहता? या इकडे."

आले असते. पण त्यांनी तिकडच्या कचेरीत फोन करून विचारलं होतं. दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्या माणसाला परत आल्यावर वर्षभर तिथं राहून दाखवावं लागतं, मग सरकारी औषधपाणी. तोवर खासगी विमा घ्यावा, तर त्र्याहत्तराव्या वर्षी कोण दारात उभं करतो? आणि इथं परदेशी माणसाला विमा असेल तरच राहण्याचा परवाना. विमा बायकोच्या नावावर होता, इन्स्पेक्टर त्यात शेपटासारखे जोडलेले. इकडे आड, तिकडे विहीर.

"मग काय करणार?" लेकीनं विचारलं.

"बघू."

बघायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले. तेही साखर संपली म्हणून. डबा उचलला, खाली पत्र दिसलं, चाळीसातले एकोणीस दिवस उरले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि एजंटबाईंकडे गेले.

एजंटबाईंचं ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर होतं. एक टेबल, काचेचं पार्टिशन, भिंतीवर पाय पसरून हसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं कॅलेंडर. जिन्यात नव्या चामड्याचा वास भरून राहिलेला. बाई पंचेचाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "काकूंचं कळलं. मी यायला हवं होतं, काका. चुकलंच माझं."

"असू द्या."

"तुमचं वय किती आता?"

"त्र्याहत्तर."

बाईंनी कागदावर तीन आडव्या रेघा मारल्या आणि एकेका रेघेवर बोट ठेवत समजावून सांगायला लागल्या. पहिली, आत्ताचीच आंतरराष्ट्रीय पॉलिसी. कुठल्याही देशात चालते, पण सत्तरीपुढे नवा माणूस घेत नाहीत. काका जुनेच म्हणून विचार करतील, मात्र स्वतःच्या नावानं फॉर्म भरावा लागेल. दुसरी, इथल्याच एका कंपनीची. फक्त या देशात चालते, आणि आधीपासूनचा जो आजार असेल तो सोडून बाकी सगळं. तिसरी, सरकारी योजना. ती सगळ्यांत चांगली, पण तीन वर्षं सलग राहिलेल्यालाच.

"मला आठ महिने कमी पडतात," इन्स्पेक्टर म्हणाले.

"तेच तर. हे आठ महिने कसे काढायचे एवढाच प्रश्न आहे." बाईंनी नवा फॉर्म पुढे केला. "जुना फॉर्म समोर ठेवते. त्यात लिहिलंय त्याच्याशी जुळायला हवं, नाहीतर कंपनी तेवढंच निमित्त शोधत असते."

जुना फॉर्म बायकोच्या अक्षरात होता. तिचं अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं. इन्स्पेक्टरांनी चष्मा लावला. आधी त्यांचं स्वतःचं पान आलं. रक्तदाब, हो. गुडघे, हो, दोन्ही. मग 'इतर काही असल्यास' या जागेत तिनं लिहिलं होतं: 'जिना चढताना मध्ये थांबतात. विचारलं तर कठडा हलतोय का बघतोय म्हणतात. छातीवर हात ठेवतात. डॉक्टरला सांगत नाहीत. मी सांगितलं असं त्यांना कळू नये.'

ते त्यांनी दोनदा वाचलं. कठड्याचं त्यांना वाटलं होतं की तिला पटलंय.

मग पान उलटलं. दुसऱ्या पानावर तिचं नाव आणि खाली चौकटी. हृदयविकार, नाही. धाप लागणे, नाही. चक्कर, नाही. गेल्या पाच वर्षांत तज्ज्ञाकडे तपासणी, नाही. बावीस चौकटी आणि बावीस 'नाही'. तळाला दोन सह्या. एक तिची, एक त्यांची. त्यांनी न वाचता केली होती, ती म्हणाली इथं करा म्हणून.

"तिला काही नव्हतंच," इन्स्पेक्टर म्हणाले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, तिला माहीत असणार."

एजंटबाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"तुम्हाला काही बोलली होती?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"त्या इथंच बसल्या होत्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही खाली चपला बघत होतात. त्यांनी विचारलं, यातल्या हृदयाच्या चौकटीत हो लिहिलं तर काय होतं? मी म्हटलं, या वयात नवी पॉलिसी मिळणार नाही. पॉलिसी नाही तर परवाना नाही. मग म्हणाल्या, आणि एकाचंच हो असेल तर? मी म्हटलं, किती गंभीर आहे त्यावर. तुमचं, काका, किरकोळात बसत होतं. त्यांनी मान हलवली आणि भराभर सगळं लिहून टाकलं. मी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही."

"नंतरही ती डॉक्टरकडे गेली नाही."

"कशा जाणार? गेल्या असत्या तर नोंद झाली असती. नोंद झाली की फॉर्म खोटा ठरला असता."

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. हे त्यांना नीट समजलं, एखादी यंत्रणा समजावी तसं. एक दोर दुसऱ्याला बांधलेला, दुसरा तिसऱ्याला. आपण इथं राहावं म्हणून तिनं ताकास तूर लागू दिली नाही, आणि लागू दिली नाही म्हणून ती गॅलरीत खाली बसली. आता काहीतरी वाटायला हवं, म्हणून ते थांबले. खालच्या दुकानात कुणीतरी बुटाचा नंबर मागत होतं.

"भरू या," ते म्हणाले.

रक्तदाब, गुडघे झाले. नवव्या प्रश्नाशी बाईंनी आवाज खाली आणला. "छातीत दुखतं का, असं आहे इथं. खात्री नसेल तर कोरं सोडलं तरी चालतं, काका. पुष्कळ जण सोडतात."

"दुखतं की," इन्स्पेक्टर म्हणाले आणि 'हो' लिहिलं. पुढं जागा होती म्हणून आणखी लिहिलं. लिफ्टांचे अहवाल लिहायची आयुष्यभराची सवय, हाताला दुसरी भाषा नव्हती: 'वर जाताना दोनदा थांबा घेतो. आवाज येतो. पूर्ण भार टाकू नये.'

बाईंना हसू आलं. मग त्यांनी इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फॉर्म शांतपणे पाकिटात घातला.

जुन्या कंपनीनं दहा दिवसांत नकार कळवला. इथल्या कंपनीनं आधी तपासणी मागितली. त्यांच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, सरकत्या पट्टीवर चालायला लावलं आणि विचारलं, "असं कधीपासून होतं?"

"तीन-चार वर्षं."

"घरी कुणाला सांगितलं नव्हतं?"

"घरी माहीत होतं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या लिहून दिल्या. कंपनीनं हृदय वगळून विमा दिला. म्हणजे हात मोडला तर कंपनी बघेल, काळीज मोडलं तर ज्यानं त्यानं बघावं. पण परवान्याला तेवढा कागद पुरला. शिक्का बसला.

त्या रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी परवान्याचं सांगितलं, मग गोळ्यांचं. मग म्हणाले, "तुझ्या आईला माहीत होतं. झडपेचं. फॉर्मात तिनं सगळीकडे नाही लिहिलंय."

फोन कटला असं त्यांना वाटलं.

"बाबा," लेक म्हणाली, "मलाही माहीत होतं."

इन्स्पेक्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तपासायला मीच घेऊन गेले होते. तुम्हाला डोळे दाखवायला जातो म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर म्हणाली, आत्ता नको. हे सामान बांधायला लागलेत, किती वर्षांनी असे खुशीत आहेत. मी खूप भांडले. मला शपथ घातली तिनं. मी कशी सांगणार होते तुम्हाला?"

"बरं," इन्स्पेक्टर म्हणाले.

"बरं काय, बाबा? काहीतरी बोला ना."

"पोरीचा तो हलणारा दात पडला का?" त्यांनी विचारलं. लेक रडत होती. रडता रडताच म्हणाली, पडला.

पुढचे दोन रविवार तिनं फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी इन्स्पेक्टरांनी स्वतःहून लावला. परदेशात आल्यापासून त्यांनी लेकीचा नंबर लावायची ही पहिलीच वेळ. आजवर बायको लावून त्यांच्या हातात द्यायची. हवापाण्याचं बोलले. ठेवताना ते म्हणाले, "तू शपथ पाळलीस, त्यात चूक नाही काही." तिनं नुसतं 'हं' म्हटलं.

आठ महिने गेले. गोळ्यांनी दम कमी लागायला लागला. शिवणकामवाल्या बाई आठवड्याला त्यांचं जड सामान आपल्या दुकानात ठेवून घेत, ते थोडंथोडं वर नेत. तीन वर्षं पुरी झाल्यावर ते सरकारी योजनेच्या कचेरीत गेले, रांगेत उभे राहिले आणि कार्ड घेऊन आले. फोटो काढताना कारकून म्हणाला, हसू नका. त्यासाठी त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. आता हृदयासकट सगळं सरकारच्या अंगावर होतं.

सुट्टीत लेक आली. नातीला तिनं सासूकडे ठेवलं होतं. दोघांनी मिळून आईचं कपाट काढलं. साड्या एका बाजूला, स्वेटर एका बाजूला, कागद पलंगावर. कागदांत तिकडच्या इस्पितळाचा रिपोर्ट निघाला, चौघडी करून पासपोर्टाच्या जुन्या कव्हरात ठेवलेला. लेकीनं तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तारीख पाहिली. तिकिटं काढली त्याच्या आधीचा आठवडा होता.

"तुम्हाला राग आलाय का, बाबा?" लेकीनं विचारलं. "आईचा? माझा?"

इन्स्पेक्टरांनी खरंच विचार केला. घाई केली नाही.

"अजून आला नाही," ते म्हणाले. "येईल बहुतेक."

"आला की सांगा मला."

"सांगेन."

ती स्वेटरांच्या घड्या घालू लागली. तिला नीट जमत नव्हत्या, बाह्या बाहेर येत होत्या. त्यांनी तिच्या हातातून एक घेतला आणि कशी घालायची ते दाखवलं.